अस्तंभ्याची चढण घाटातच सुरू होते

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी मुलांना महाराष्ट्रातील उंच शिखरांची यादी तोंडपाठ असते. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, महाबळेश्वर १४३८ असे म्हणत यादी खाली उतरते आणि मध्येच कुठेतरी 'अस्तंभा, १३२५ मीटर, नंदुरबार' ही ओळ येते. एका गुणापुरते तिचे काम असते. परीक्षा संपली की ती विस्मरणात जाते. पुण्या-मुंबईकडील गिरिभ्रमण मंडळांच्या वर्षभराच्या कार्यक्रमपत्रिकेत हे नाव क्वचितच आढळते. याउलट तळोदा, शहादा, अक्कलकुवा या तालुक्यांत, तसेच राज्याच्या सीमेपलीकडील गुजरात व मध्य प्रदेशातील आदिवासी पाड्यांत अस्तंभ्याचे नाव न ऐकलेला माणूस शोधून काढावा लागेल. दिवाळीच्या तोंडावर, धनत्रयोदशीला, हजारो माणसे रात्रीच्या अंधारात हा डोंगर चढतात. शहरी गिर्यारोहकाला अपरिचित असलेले हे शिखर त्यांच्या लेखी देवाचे ठिकाण आहे.

या डोंगरावर जायचे झाल्यास चढाईची तयारी कशी करावी, हा प्रश्न पहिला नव्हे. पायथ्यापर्यंत सुखरूप कसे पोहोचावे आणि तितकेच सुखरूप परत कसे यावे, हा प्रश्न पहिला आहे. अस्तंभ्याच्या वाटेवरील सर्वांत धोक्याचा टप्पा पायांनी चालण्याचा नाही, चाकांवर बसून जाण्याचा आहे. तो का धोक्याचा आहे हे समजून घेण्यासाठी आधी हा मुलूख समजून घेतला पाहिजे.

अस्तंभा नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात येतो. या तालुक्याचे मुख्य ठिकाण धडगाव. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्यापूर्वी हा सारा भाग धुळ्याच्या टोकाचा, म्हणून दुर्लक्षित असा होता. जिल्ह्याच्या दक्षिण भागातून तापी वाहते, उत्तर सीमेवरून नर्मदा. या दोन नद्यांच्या मधोमध सातपुडा उभा आहे. सातपुडा हा गट पर्वत आहे आणि दोन्ही बाजूंच्या नद्या खचदऱ्यांतून वाहतात, हे शाळेतील भूगोलाच्या पुस्तकात आपण वाचलेले असते. त्या वाक्याचा अर्थ तळोद्याला उभे राहिले की डोळ्यांना कळतो. पायांखाली तापीकाठची सपाट काळी जमीन, त्यात ऊस, केळी आणि कापूस. आणि उत्तरेकडे पाहावे तो जमिनीतून एकदम वर उठलेली डोंगरांची भिंत. सह्याद्रीत आपण मावळातल्या गावाहून निघतो तेव्हा बरीचशी उंची आधीच पदरात पडलेली असते. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गावही पुष्कळ उंचावर आहे. इथे मात्र मैदानाची उंची जेमतेम दीड-दोनशे मीटर आणि शिखराची १३२५. म्हणजे तापीकाठावरून अस्तंभ्याच्या माथ्यापर्यंत हजार मीटरहून अधिक चढ आहे. पूर्वी भाविक तो सगळाच पायी चढत, काही जण आजही चढतात. आता त्यातील बराचसा चढ गाडी चढते.

आणखी एक तुलना सांगण्याजोगी आहे. संपूर्ण सातपुड्याचे सर्वोच्च शिखर म्हणजे मध्य प्रदेशातील पंचमढीजवळचे धूपगड. त्याची उंची साधारण १३५० मीटर. अस्तंभा त्याहून केवळ पंचवीस-एक मीटरने कमी. परंतु धूपगडावर पर्यटकांच्या जीपगाड्या सूर्यास्त पाहायला जातात आणि अस्तंभ्याबद्दल महाराष्ट्रातच माहिती नाही. याचे एक कारण, माझ्या मते, आपल्या गिरिभ्रमणाच्या परंपरेत आहे. मराठी माणूस डोंगरावर जातो तो बहुधा गडावर जातो. त्याला दरवाजा, बुरूज, टाके आणि शिवकाळाशी जोडणारा एखादा प्रसंग हवा असतो. सह्याद्री त्याची ही भूक भागवतो. सातपुड्याच्या या टोकाला गडकोटांची तशी दाटी नाही. इथल्या डोंगरांचा इतिहास बखरींत आलेला नाही, तो गाण्यांत आणि कथांत आहे, आणि त्या भिली-पावरी बोलींत आहेत. त्या आपल्याला येत नाहीत. त्यामुळे हे डोंगर आपल्याला मुके वाटतात.

तळोद्याहून धडगावकडे जाणारा रस्ता कोठारपर्यंत सरळ आहे. तेथून डोंगर सुरू होतो आणि त्याबरोबर चांदसैलीचा घाट. वळणांमागून वळणे, एका बाजूला कापलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. घाट चढून वर गेले की धडगावच्या वाटेवरून अस्तंभा परिसराकडे आडवाटा फुटतात आणि त्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत जातात. या आडवाटा जंगलातल्या रस्त्यांसारख्याच आहेत. कुठे डांबराचा तुकडा, कुठे खडी उखडलेली, कुठे नुसता मुरूम, आणि पावसाळ्यानंतर ओढ्यांनी वाहून नेलेले काठ. गेल्या वर्षी पाहिलेला रस्ता यंदा तसाच असेल असे इथे गृहीत धरता येत नाही.

हा रस्ता सारखा का बिघडतो, याचे उत्तर केवळ ठेकेदारीत शोधणे सोपे आहे. परंतु अर्धे उत्तर खडकात आहे. सातपुड्याचा हा भाग लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनला. त्यातील काही थर घट्ट काळ्या पाषाणाचे, तर काही सच्छिद्र आणि लवकर झिजणारे. दोन थरांच्या मध्ये कित्येकदा तांबड्या भुसभुशीत मातीचा पट्टा असतो. नंदुरबार-धुळे परिसरात याखेरीज अग्निजन्य खडकाच्या उभ्या भित्तीही मोठ्या संख्येने आढळतात. थिजलेल्या लाव्हाला तडे गेले, त्या तड्यांत पुन्हा रस घुसला आणि तिथेच गोठला, अशी त्यांची उत्पत्ती. असा थरांचा आणि फटींचा डोंगर नैसर्गिक उतारावर शतकानुशतके स्थिर राहतो. रस्त्यासाठी त्याचा पायथा उभा कापला की वरच्या थराचा आधार जातो. पावसाचे पाणी फटींतून झिरपत मऊ थरापर्यंत पोहोचते, तो थर चिखल होतो आणि त्यावरचा कठीण पाषाण घसरून खाली येतो. हीच दरड. सह्याद्रीतील घाटांत हेच घडते. परंतु तिथे दरड कोसळली तर पर्यायी घाट असतो, यंत्रसामग्री जवळ असते आणि मुख्य म्हणजे वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे असतात.

सप्टेंबर २०२१ मध्ये मुसळधार पावसात चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला. घाटातल्याच गावातील एक स्त्री आजारी होती. गाडी येण्याचा मार्ग उरला नव्हता. तेव्हा तिच्या पतीने तिला खांद्यावर घेतले आणि तो पायी घाट उतरू लागला. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच तिने प्राण सोडला. ही बातमी त्या वेळी राज्यभर गाजली आणि नेहमीप्रमाणे विरली. गिर्यारोहणाच्या लेखात हा प्रसंग कशाला, असे कुणाला वाटेल. पण ज्या रस्त्यावरून आपण एक दिवस धाडसाची हौस म्हणून जातो, तो इथल्या माणसांचा दवाखान्याचा, बाजाराचा, शाळेचा आणि बाळंतिणीचा रस्ता आहे. अक्राणीच्या आतल्या पाड्यांवरून आजही रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीतून मोठ्या रस्त्यापर्यंत आणावे लागते. वृत्तपत्रांनी तिला 'बांबुलन्स' असे चटकदार नाव दिले. ज्याच्या खांद्यावर तो बांबू असतो त्याला ते कितपत गमतीचे वाटत असेल, याची शंका येते.

दुसरी घटना थेट यात्रेशी संबंधित आहे. १८ ऑक्टोबर २०२५ रोजी, धनत्रयोदशीच्याच दिवशी, अस्तंभ्याहून परतणाऱ्या भाविकांची मालवाहू पिकअप गाडी चांदसैली घाटात दरीत कोसळली. आठ जणांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. डोंगर चढून, देवाचे दर्शन घेऊन, सारे अवघड आटोपल्यावर ही माणसे घराच्या वाटेवर होती.

अशा अपघातानंतर 'चालकाचे नियंत्रण सुटले' हे वाक्य छापून येते. नियंत्रण सुटते म्हणजे काय होते, हे मात्र कुणी सांगत नाही. मालवाहू गाडीची रचना सामान खाली, हौद्याच्या तळाशी ठेवले जाईल असे धरून केलेली असते. त्याच हौद्यात वीस-पंचवीस माणसे उभी राहिली की वजनाचा मध्य कितीतरी वर जातो. वळणावर ही सगळी माणसे एकाच बाजूला झुकतात, कारण पोती जशी दोरीने बांधता येतात तशी माणसे बांधता येत नाहीत. सरळ रस्त्यावर जी गाडी व्यवस्थित चालते तीच अशा वेळी तुलनेने कमी वेगातही कलंडू शकते. दुसरी गोष्ट उताराची. चढताना इंजिनाची परीक्षा असते, उतरताना ब्रेकची. सलग कित्येक किलोमीटर ब्रेकवर पाय ठेवून गाडी उतरवली तर ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक लागेनासे होतात. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, असे जुने चालक सांगतात. इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. इंधन वाचवण्यासाठी गाडी 'न्यूट्रल'मध्ये सोडण्याची सवय इथे जीवघेणी ठरते. तिसरी गोष्ट झोपेची. यात्रेकरू रात्रभर जागून चढतात आणि बहुतेक वेळा त्यांचा चालकही त्यांच्याबरोबर वर जाऊन आलेला असतो. सकाळी तोच चाकावर बसतो.

मालवाहू वाहनातून माणसांची अशी वाहतूक कायद्याने मना आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही लोक त्यात चढतात ते अडाणीपणामुळे नव्हे. पाड्यावरून निघणारी एसटी मोजकी असते, खासगी जीप परवडत नाही, आणि गावातल्या कुणाची तरी पिकअप सर्वांनी वर्गणी काढून ठरवली की म्हातारी-पोरे सगळी एका खेपेत जातात. हा हिशेब घरच्या गरिबीचा आहे. त्यावर उपाय यात्रेच्या दोन-तीन दिवसांत पुरेशा एसटी गाड्या सोडणे आणि घाटाच्या दोन्ही तोंडांशी वाहने तपासून पाठवणे हाच असू शकतो. नुसते दंड करून माणसे यात्रेला जायची थांबणार नाहीत.

कारण या यात्रेची मुळे खोल आहेत. 'अस्तंभा' हे 'अश्वत्थामा' या नावाचेच बोलीतले रूप मानले जाते. द्रोणाचार्यांचा हा पुत्र सात चिरंजीवांपैकी एक. महाभारताच्या सौप्तिक पर्वात त्याची कथा येते. युद्ध संपल्यावर रात्री पांडवांच्या छावणीत शिरून त्याने धृष्टद्युम्नाला आणि द्रौपदीच्या पाचही पुत्रांना झोपेत मारले. पाठलाग झाल्यावर गवताच्या काडीवर अस्त्र मंत्रून सोडले, आणि ते मागे घेता येईना तेव्हा पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवले. त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेण्यात आला आणि तीन हजार वर्षे रक्त-पू वाहत, एकाकी, रानावनांत भटकत राहशील, असा शाप श्रीकृष्णाने त्याला दिला. ग्रंथातील कथा इथे थांबते. लोककथा तिथून पुढे निघते. कपाळावरची ती जखम अजून भरलेली नाही आणि तिच्यावर घालण्यासाठी तो वाटसरूंकडे तेल मागत हिंडतो, असे नर्मदाकाठच्या शूलपाणीच्या झाडीत सांगितले जाते. परिक्रमा करणाऱ्यांच्या आठवणींत त्याच्या भेटीचे उल्लेख वारंवार येतात. याच सातपुड्याच्या रांगेत बऱ्हाणपूरजवळ असीरगड आहे. तिथल्या शिवमंदिरातही तो येऊन जातो, अशी समजूत आहे.

दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी या समजुतींचा 'रहस्यकथा' म्हणून बराच वापर करून घेतला. रात्रीचे कॅमेरे, भीतिदायक संगीत आणि 'तो आजही जिवंत आहे का?' असा सवाल. त्या कार्यक्रमांमधून एक साधी गोष्ट निसटून जाते. महाभारतात जो शापित आणि तिरस्कृत आहे, तो या डोंगरात 'ऋषी' म्हणून पुजला जातो. बालहत्येचा कलंक असलेल्या माणसाला या डोंगराने हाकलले नाही. त्याला शिखरावर जागा दिली, आणि वर्षातून एकदा लोक त्याला भेटायला जातात. ही गोष्ट मला त्या साऱ्या रहस्यांपेक्षा अधिक विचार करण्यासारखी वाटते.

यात्रेची तिथीही लक्षात घेण्याजोगी आहे. धनत्रयोदशी म्हणजे आश्विन वद्य त्रयोदशी. अमावास्या दोन दिवसांवर आलेली असते आणि चंद्राची बारीक कोर उगवते ती पहाटे, सूर्योदयाच्या थोडी आधी. म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडला की रात्रभर चांदण्याचा आधार नाही. पूर्वी मशाली असत, आता विजेऱ्या आणि मोबाइलचे दिवे आहेत. त्या उजेडात माणसांची रांग डोंगराच्या धारेवरून वर सरकत राहते आणि पहाटे दर्शन होते. सणाच्या धामधुमीत उरलेला महाराष्ट्र घरांवर आकाशकंदील लावत असतो तेव्हा सातपुड्यात ही दिव्यांची ओळ डोंगर चढत असते.

ज्याला प्रथमच जायचे आहे त्याने मात्र यात्रेची रात्र निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेवटचा टप्पा उभ्या चढाचा आणि अरुंद वाटेचा आहे. गर्दीत वरून येणारे आणि खालून जाणारे एकमेकांना जागा करून देता देता कडेला जातात. पुढच्याच्या पायाखालून सुटलेला दगड मागच्यावर येतो. शिवाय त्या दिवशी घाटरस्त्यावर वाहनांची रीघ असते. यात्रा हा भाविकांचा हक्काचा दिवस आहे. नुसत्या कुतूहलाने जाणाऱ्याने त्यांची वाट अडवण्याचे कारण नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत हवा उत्तम असते. थंडी मात्र हलक्यात घेऊ नये. शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यात डाब परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या कित्येक हिवाळ्यांत येतात. खानदेश म्हणजे उष्ण, या समजुतीने एका सुती सदऱ्यावर गेलेला माणूस पहाटे कुडकुडतो.

पावसाळ्यात जाऊ नये. हिरव्या डोंगराची छायाचित्रे कितीही मोहात पाडोत, दरडीचे गणित वर सांगितलेच आहे. आणि पावसात तुम्ही अडकलात तर तुम्हाला सोडवायला येणारी माणसेही त्याच घाटातून येणार. मार्च ते मेमध्ये दुसरी अडचण. हे पानझडीचे जंगल आहे. साग, मोह, सालई, धावडा, तेंदू, बांबू यांची पाने गळून जमिनीवर कोरडा थर साचतो. सावली नाहीशी होते, ओढे आटतात आणि एका विडीच्या थोटकाने डोंगरच्या डोंगर पेटतो. चुलीसाठी पेटवलेली आग विझवल्याची खात्री पाणी ओतून करावी. नुसती माती टाकून निघून जाऊ नये.

चढाई तांत्रिक नाही, दोरांची गरज लागत नाही. परंतु सोपीही नाही. सामान्य प्रकृतीचा माणूस ओझ्यासह तासाला साधारण तीनशे मीटर उंची गाठतो. त्यात थांबे आणि चुकलेली वाट धरून हिशेब करावा. पावसाळ्यानंतर उतारांवर कमरेएवढे गवत वाढते. वाळले की ते घसरडे होते आणि त्याखालचा घसारा दिसत नाही. चढताना याचा त्रास कमी, उतरताना अधिक. गुरांच्या वाटा मुख्य पायवाटेहून ठळक दिसतात आणि भलत्याच सोंडेवर नेऊन सोडतात. म्हणून पाड्यावरचा वाटाड्या घ्यावाच. मोबदला निघण्यापूर्वी ठरवावा आणि तो नीट द्यावा. दिवसाची मजुरी बुडवून तो माणूस आपल्याबरोबर येत असतो. त्याला 'दादा' म्हणावे, त्याचे ऐकावे. त्याने परत फिरू म्हटले तर फिरावे. पाणी खालूनच भरून न्यावे, माणशी तीन लिटर हा किमान आकडा धरावा. वाटेतला झरा पाड्यावरच्या लोकांचाही असतो. त्यात हातपाय धुणे, भांडी विसळणे कटाक्षाने टाळावे. माथ्यावर मोठ्या मंदिराची किंवा निवाऱ्याची अपेक्षा ठेवू नये. ते स्थान श्रद्धेचे आहे. पादत्राणे, खाणे, छायाचित्रण याबाबत वाटाड्या जे सांगेल ते मुकाट्याने पाळणे उत्तम.

वरून काय दिसते? दक्षिणेला तापीचे मैदान, पायरी उतरल्यासारखे एकदम खाली गेलेले. उत्तरेला एकामागे एक रांगा नर्मदेच्या खोऱ्यात उतरत जातात. हवा स्वच्छ नसेल तर तिसऱ्या-चौथ्या रांगेपुढे धूसर होते. त्या धूसरपणापलीकडे सरदार सरोवराचे फुगलेले पाणी आहे. धरण सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. अक्राणी आणि अक्कलकुव्याची नर्मदाकाठची गावे त्याआधीच टप्प्याटप्प्याने पाण्याखाली गेली होती. तिथे काही वस्त्यांपर्यंत आरोग्यसेवा बोटीतून पोहोचवावी लागते. एकाच तालुक्याला दक्षिणेकडे दरडींचा घाट आणि उत्तरेकडे धरणाचे पाणी, अशा दोन बाजू. शिखरावर उभे राहिले की ही कोंडी नकाशाशिवाय समजते.

जवळच्या उतारांवर घरे दिसतात ती एकमेकांना चिकटलेली नसतात. प्रत्येक घर आपापल्या शेताच्या कडेला, वेगळ्या टेकाडावर. शेतांत ज्वारी, मका, भगर. उन्हाळ्यात कैऱ्यांच्या फोडी करून अंगणांत वाळत घातलेल्या असतात. धडगावचे आमचूर म्हणून व्यापाऱ्यांकडे जे जाते ते हेच. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्राणीत हे प्रमाण त्याहून कितीतरी अधिक. भिल्ल, पावरा, तडवी अशा समाजांचा हा प्रदेश. याहामोगी ही त्यांची देवता, काठीची होळी हा त्यांचा मोठा उत्सव. घराचे, माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे छायाचित्र विचारल्याविना घेऊ नये, हे सांगावे लागते याचीच खंत वाटते.

या रानात अजून काय दडलेले आहे, हे आपल्याला पुरते ठाऊक नाही. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी याचे उत्तम उदाहरण. ह्यूमने १८७३ मध्ये त्याची नोंद केली. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नाही. १९१४ मधला म्हणून दाखवला गेलेला नमुना चोरीचा व खोट्या नोंदीचा निघाला. पक्षी नामशेष झाला असे जवळजवळ ठरून गेले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि बेन किंग यांना तो पुन्हा दिसला तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या याच पायथ्याशी. एकशे तेरा वर्षे जगाने हरवलेला मानलेला पक्षी इथल्या सागाच्या झाडांवर दिवसाढवळ्या बसत होता. गुराख्यांनी तो पाहिला नसेल असे म्हणवत नाही. त्यांना कुणी विचारले नव्हते, इतकेच.

कसे जावे? नंदुरबार हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक. तेथून तळोदा एसटीने गाठता येते. तळोद्याला मुक्काम करून पहाटे निघणे सोयीचे, म्हणजे चांदसैली घाट उजेडात चढून होतो. उतरतानाही तो सूर्य मावळण्यापूर्वी संपेल अशा बेताने माथ्यावरून निघावे. त्यासाठी दर्शन अर्धवट राहिले तरी हरकत नाही. स्वतःची गाडी असल्यास जमिनीपासून उंच असलेली, ब्रेक आणि टायर तपासलेली न्यावी आणि चालक डोंगर चढायला नेऊ नये, त्याला खाली झोपू द्यावे. उसाच्या पट्ट्यात, विशेषतः तळोदा-अक्कलकुवा भागात, बिबट्याचा वावर आहे. संध्याकाळनंतर शेतांच्या कडेने पायी फिरू नये. राखीव वनात मुक्काम करायचा असल्यास वनखात्याच्या स्थानिक कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी. भ्रमणध्वनीला घाट संपल्यावर बऱ्याच ठिकाणी संपर्क मिळत नाही. म्हणून कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे तळोद्यात कुणाला तरी सांगून ठेवावे. आणि घाटात समोरून झोळी घेऊन माणसे येताना दिसली, तर गाडी बाजूला लावून रुग्णाला आत घ्यावे. त्या दिवशीची चढाई राहिली तर राहू द्यावी, तळोद्याच्या रुग्णालयाकडे वळावे.